पित्ताची गोळी रोज लागते? मग आधी हे करा

साताऱ्यात माझं औषधाचं दुकान आहे. काउंटरवर दिवसभर सगळ्यात जास्त मागणी असते ती पित्ताच्या गोळ्यांना. कुणी नुसती ‘पॅन-डीची पट्टी’ म्हणतं, तर कुणी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढतं. कागद घडीवर फाटलेला, शाई पुसट, तारीख तीन-चार वर्षांपूर्वीची. गोळीच्या नावापुढे डॉक्टरांनी ‘14 दिवस’ लिहिलेलं स्पष्ट दिसतं, पण गोळी तेव्हापासून आजतागायत चालू असते.

गोळीत खोट काही नाही. पोटाच्या वरच्या भागात दुखायची कारणं बरीच आहेत आणि त्यातली निम्मी ही गोळी नुसती झाकून ठेवते. म्हणून ज्यांना महिनोन्‌महिने जळजळ, करपट ढेकरा, मळमळ आणि बेंबीच्या वर दुखण्याचा त्रास आहे, त्यांच्यासाठी काय, कुठल्या क्रमाने करायचं ते लिहितो आहे. क्रम महत्त्वाचा आहे. लोक पथ्यापासून सुरुवात करतात आणि तपासणीपर्यंत पोचतच नाहीत.

सगळ्यात आधी: हे पित्त नसेलही

छातीच्या मध्यावर किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, जोडीला दरदरून घाम, धाप, जबड्यात, खांद्यात किंवा हातात कळ. असं काही झालं की सोडा, इनो, जिरं-ओवा काही घेत बसू नका. 108 ला फोन करा किंवा थेट ईसीजी निघेल अशा दवाखान्यात जा. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका हुबेहूब अपचनासारखा वाटू शकतो. मधुमेही, वयस्क आणि बायका यांच्यात तर छातीत न दुखताही झटका येतो. नुसती मळमळ आणि गळून गेल्यासारखं वाटतं. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर थांबायला सांगत असतील तर थांबा. जिना किंवा चढ चढताना ‘गॅस’ छातीत दाटतो आणि थांबलं की जातो, असं होत असेल तर आधी हृदय तपासून घ्या, पोटाचं मागून बघू.

दुसरा धोका रक्तस्रावाचा. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची होणं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही पडणं म्हणजे जठरात किंवा आतड्यात जखम वाहते आहे. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. (लोहाच्या गोळ्यांनी आणि बिस्मथ या पोटाच्या औषधानेही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते. शंका असेल तर दाखवाच.) अचानक असह्य दुखून पोट फळीसारखं टणक झालं असेल तरीही तसंच.

आणि काही खुणा अशा की आजच पळायला नको, पण महिनाभर ढकलायचंही नाही. प्रयत्न न करता वजन उतरणं, घास अडकणं, वरचेवर उलट्या, रक्त कमी असल्याचा रिपोर्ट, घरात कुणाला जठराचा कर्करोग झालेला असणं, किंवा पन्नाशीच्या पुढे पहिल्यांदाच हा त्रास सुरू होणं. यातलं एक जरी लागू असेल तर गोळ्या बदलून बघण्यात वेळ घालवू नका, दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) करून घ्या.

दोन आठवडे वही ठेवा

डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘पित्त होतंय’ यापलीकडे काही सांगता येत नाही, ही खरी अडचण. साधी शाळेची वही घ्या. कधी दुखलं, कुठे दुखलं, त्याआधी काय खाल्लं आणि किती वाजता, कशाने थांबलं, झोप किती झाली आणि त्या दिवशी पोटात गेलेली प्रत्येक गोळी, एवढं लिहा. डोकेदुखीची, गुडघ्याची, मासिक पाळीत घेतलेली, शेजारणीने दिलेली, सगळ्या.

दोन आठवड्यांत नक्षी दिसू लागते. आंबट पाणी घशाशी येतं आणि आडवं पडलं की वाढतं, तर दोष बहुधा जठर आणि अन्ननलिका यांच्यामधल्या झडपेचा. रिकाम्या पोटी कुरतडल्यासारखं दुखतं, रात्री दोन-तीनला जाग येते आणि दोन बिस्किटं खाल्ली की थांबतं, तर लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण (अल्सर) असू शकतो. चार घासांत पोट डब्ब होतं, ते तासन्‌तास उतरत नाही आणि रिपोर्टमध्ये काही सापडत नाही, त्याबद्दल पुढे सांगतो. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत, खांद्याच्या पात्याकडे जाते आणि अर्धा तास ते काही तास टिकते, तर पित्ताशयातले खडे बघायला हवेत. त्याला सोनोग्राफी लागते. दुर्बिणीत ते दिसत नाहीत. खडे असताना वर्षभर पित्ताच्या गोळ्या खाणारी माणसं माझ्या पाहण्यात आहेत.

गोळ्यांचा डबा टेबलावर उपडा करा

या पायरीवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण हे रोज डोळ्यांसमोर घडतं. माणूस एका हाताने गुडघेदुखीची गोळी घेतो आणि दुसऱ्या हाताने पित्ताची. पहिलीमुळे दुसरी लागते आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. जठराच्या आतल्या बाजूला चिकट संरक्षक थर असतो. तो राखण्यासाठी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवतं. ही औषधं वेदना कमी करताना तीच द्रव्यं रोखतात, मग जठर स्वतःच्याच आम्लापुढे उघडं पडतं. हे रक्तातून घडतं, म्हणून ‘गोळी नको, इंजेक्शन द्या, पोटाला त्रास नको’ या म्हणण्याला अर्थ नाही. इंजेक्शननेही व्रण होतो. जेवून गोळी घेतली म्हणजे निर्धास्त, असंही नाही. मळमळ कमी होते एवढंच.

सोय अशी करता येते: साध्या दुखण्याला आणि तापाला पॅरासिटामॉल. गुडघा किंवा मनगट यांसारख्या वरवरच्या सांध्याला चोळायचं जेल. संधिवातासारख्या आजारात ही गोळी खरोखरच लागत असेल तर किती दिवस घ्यायची आणि सोबत पोटाचं संरक्षण काय, हे डॉक्टरांनी ठरवायचं. दुकानात ‘अंगदुखीचं काहीतरी द्या’ म्हणून मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉलसोबत हटकून यातलं एखादं असतं. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा, नाहीतर दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. ते त्याचं काम आहे.

हृदयासाठी दिलेली रोजची छोटी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल मात्र मनाने बंद करायची नाही. स्टेंट घातलेल्या माणसाने ती दोन-चार दिवस सोडली तरी जिवावर बेतू शकतं. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर पित्ताच्या गोळ्यांपैकी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, कारण त्या तिचा असर कमी करतात. पँटोप्राझोल बरं. लोहाच्या गोळ्या, मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि हाडांसाठीची आठवड्याची गोळी यांनीही वरच्या पोटात त्रास होतो, त्यांची नोंद वहीत हवी.

याच डब्यात तंबाखू आणि मशेरीही धरा. सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी मशेरी लावून तासभर चूळ न भरणाऱ्या बायका आणि दिवसभर गालात चुना-तंबाखू ठेवणारे पुरुष ‘बाकी काही व्यसन नाही’ असं सांगतात. निकोटीन मिसळलेली लाळ जठरात जातेच. तंबाखू चालू असताना व्रण उशिरा भरतो आणि पुन्हा होतो. दारूबद्दल वेगळं सांगायला नको.

जंतूची तपासणी

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या आम्लात राहतो. एक काळ असा होता की व्रण काळजीने आणि तिखटाने होतो, असंच डॉक्टरही मानत. ऑस्ट्रेलियात पर्थ इथल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघांनी तो जंतूमुळे होतो हे मांडलं. कुणी ऐकेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल स्वतः त्या जंतूंचं पाणी प्यायले आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो, बहुतेकांना लहानपणीच घरातून लागलेला. पुष्कळांना आयुष्यभर काही होत नाही. काहींना मात्र व्रण होतात आणि थोड्यांना फार पुढे कर्करोग. म्हणून जुना त्रास असलेल्याने एकदा तरी तपासून घ्यावं.

तपासण्या तीन प्रकारच्या. श्वासाची (एक द्रव पिऊन पिशवीत फुंकायचं), शौचाची, आणि दुर्बिणीतून जठराचा कणभर तुकडा घेऊन. रक्ताची तपासणीही होते, पण जंतू आत्ता आहे की पूर्वी होता हे त्यातून कळत नाही. पैसे त्यावर घालवू नका.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. पित्ताची गोळी चालू असताना तपासणी केली तर जंतू असूनही ‘नाही’ असा निकाल येऊ शकतो. पँटोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल यांपैकी जे असेल ते तपासणीआधी दोन आठवडे, आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथ चार आठवडे बंद हवं. अर्थात डॉक्टरांना विचारून. मधल्या काळात जळजळ झाली तर साधं अँटासिड चालतं.

दुर्बिणीला लोक उगाच घाबरतात. सहा-आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिर करणारा फवारा, डाव्या कुशीवर झोपायचं, पाच-दहा मिनिटांत काम होतं. उमासे येतात, दुखत नाही. झोपेचं इंजेक्शन घेतलं तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत माणूस न्यायचा. जंतूसाठी तुकडा घेणार का, हे आधीच विचारून ठेवा.

जंतू निघाला तर: 14 दिवस, एकही गोळी न चुकवता

आम्ल कमी करणारं एक औषध, दोन अँटिबायोटिक आणि बऱ्याचदा बिस्मथ, असा 14 दिवसांचा कोर्स असतो. कोणती अँटिबायोटिक हे डॉक्टर ठरवतात. आपल्याकडे मेट्रोनिडाझोलला हा जंतू बराच सरावलेला आहे, क्लॅरिथ्रोमायसिनलाही सरावतो आहे, तेव्हा पूर्वी कधीही, कशासाठीही घेतलेल्या अँटिबायोटिकची नावं सांगा. पेनिसिलिनची ॲलर्जी, गर्भारपण, दुसरी चालू औषधं हेही.

दिवसाला गोळ्या खूप होतात. फ्रिजवर कागद चिकटवा, घेतली की खूण करा. तोंडाला धातूसारखी किंवा कडू चव येईल, जीभ आणि शौच बिस्मथने काळी होईल, पोट थोडं बिघडेल. हे अपेक्षित आहे. टेट्रासायक्लिन असेल तर दूध, लोह, कॅल्शियम यांच्यासोबत घ्यायचं नाही. मेट्रोनिडाझोल असेल तर दारू पूर्ण बंद. अंगावर पुरळ किंवा सूज आली, धाप लागली तर मात्र थांबून लगेच दवाखाना. पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटतं आणि लोक कोर्स सोडतात. उरलेले जंतू मग त्याच औषधाला दाद देत नाहीत आणि दुसरा कोर्स पहिल्यापेक्षा अवघड जातो.

कोर्स संपला की चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुन्हा करायची, पित्ताची गोळी त्याआधी दोन आठवडे बंद ठेवून. ‘आता दुखत नाही’ हा जंतू गेल्याचा पुरावा धरता येत नाही. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. घरच्यांची ताटं-वाट्या वेगळ्या करायची मात्र काही गरज नाही.

गोळी घ्यायची कशी आणि थांबवायची कशी

जठरात आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात. पँटोप्राझोलच्या घराण्यातली औषधं हे पंप बंद करतात, तेही काम करत असलेले. पंप चालू होतात जेवणामुळे. म्हणून गोळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते पाऊण तास आधी, पाण्याबरोबर घ्यायची आणि मग खरोखर नाश्ता करायचा. गोळी घेतली, चहा प्यायला आणि दुपारी एकला जेवलो, यात निम्मं औषध वाया जातं. चावायची नाही, फोडायची नाही. पूर्ण असर यायला तीन-चार दिवस लागतात, तेव्हा दुखलं की एक, असं घेण्यात फारसा अर्थ नाही. साधारण चार ते आठ आठवडे हा नेहमीचा काळ.

‘पॅन-डी’तलं ‘पॅन’ म्हणजे पँटोप्राझोल आणि ‘डी’ म्हणजे डॉम्पेरिडोन हे मळमळीचं औषध. डॉम्पेरिडोन थोडे दिवस चांगलं, वर्षानुवर्षं नाही. हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका त्यात आहे, विशेषतः वयस्क माणसांत आणि काही अँटिबायोटिक किंवा बुरशीच्या गोळ्यांसोबत. बायकांमध्ये पाळी अनियमित होणं, स्तनातून दूध येणं हेही त्याने होतं. मळमळ नसेल तर नुसती ‘पॅन’ पुरते का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

आता थांबवणं. दोन-तीन महिन्यांहून जास्त घेतलेली गोळी एकदम बंद केली की आम्ल उसळी मारतं आणि पूर्वीपेक्षा जास्त जळजळ होते. माणूस म्हणतो, ‘बघा, गोळीशिवाय चालतच नाही.’ ही उसळी साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरते. डोस निम्मा, मग एक दिवसाआड, मग गरजेपुरतं अँटासिड किंवा फॅमोटिडिन, अशी उतरंड लावली तर सहसा निभावतं. व्रणातून रक्तस्राव झालेले, ॲस्पिरिनवर असलेले किंवा अन्ननलिकेला मोठी इजा असलेले यांनी मात्र स्वतःहून थांबवायचं नाही. त्यांना ती गोळी लागतेच. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-12 आणि मॅग्नेशियम तपासावं. शाकाहारी माणसात बी-12 आधीच काठावर असतं.

जुन्या चिठ्ठीवर रॅनिटिडिन असेल तर तो कागद बाजूला ठेवा. त्यात एनडीएमए हे घातक द्रव्य सापडल्यामुळे अमेरिकेने 2020 मध्ये ते बाजारातून काढलं, आणि 2022 मध्ये भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही ते गेलं. इनोसारख्या पावडरीत सोडियम भरपूर असतं, बीपीवाल्यांनी रोजची सवय लावून घेऊ नये. थायरॉइडची, लोहाची गोळी आणि अँटासिड यांत काही तासांचं अंतर ठेवा. सूतशेखर हे आयुर्वेदिक औषध घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात शुद्ध केलेला पारा आणि ताम्रभस्म असतं. वैद्यांच्या देखरेखीखाली घेणं वेगळं आणि डबी संपली की नवी आणणं वेगळं.

खाणं

तिखटाने व्रण होत नाही, पण सुजलेल्या जठराला ते झोंबतं. त्यामुळे कायमचं अळणी खायची शिक्षा कुणाला नको. त्रास चालू असेपर्यंत ठेचा, तर्री, तळण बाजूला ठेवा, मग वही बघत एकेक पदार्थ परत आणा. कुणाला वांगं बाधतं, कुणाला हरभऱ्याची डाळ, कुणाला काहीच नाही. भाकरी किंवा मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, पडवळ, ताजं ताक एवढ्यावर दोन आठवडे सहज निघतात. सोलकढी पुष्कळांना मानवते, पण घशाशी आंबट येणाऱ्यांनी बघून प्यावी.

थंड दुधाने आग लगेच शमते, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. घोटभर ठीक आहे. रात्री पेलाभर पिऊन लगेच झोपणं वाईट.

खरा गोंधळ उपवासाचा. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांनीच म्हणून ठेवलंय. सकाळपासून फक्त चहावर चहा, दुपारी दाण्याचं कूट आणि मिरची घातलेली साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी वडे. याहून वाईट दिवस जठरासाठी आखता येणार नाही. उपवास करायचाच तर दर तीन तासांनी थोडं खा: राजगिऱ्याची लाही दुधात, वरीचे तांदूळ ताकाबरोबर, उकडलेलं रताळं, केळं. चहा खाल्ल्यावर. श्रावण आणि नवरात्रात ज्यांचे पाठोपाठ उपवास असतात त्यांनी त्रासाच्या वर्षी ते सोडले तर देव रागावणार नाही, सासूबाईंचं मी सांगू शकत नाही.

रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास. शतपावली घाला. पाणी घशाशी येत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो सहा-आठ इंच उचला. नुसत्या उशा रचल्या की पोट दुमडतं आणि उलट त्रास होतो. डाव्या कुशीवर झोपा.

रिपोर्ट नॉर्मल आला तर

दुर्बीण केलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ‘माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस’ (जठराच्या खालच्या भागाला किंचित सूज) किंवा ‘नॉर्मल’ एवढंच लिहून मिळतं. पहिल्या शेऱ्याने घाबरू नका: थोडीशी लाली पुष्कळांच्या जठरात दिसते आणि दुखण्याशी तिचा संबंध असेलच असं नाही. दुसऱ्या शेऱ्याने निराश होऊ नका. जखम नसताना जठराच्या नसा अतिसंवेदनशील होणं, जठर नीट सैल न पडणं हा खराखुरा आजार आहे. डॉक्टर त्याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. घरात ‘रिपोर्टमध्ये काही नाही, मनाचे खेळ आहेत’ असं ऐकवलं जातं, ते चूक आहे. अशा वेळी डॉक्टर कधी अमिट्रिप्टिलीन अगदी कमी मात्रेत देतात. घरी जाऊन इंटरनेटवर बघितलं की ‘डिप्रेशनची गोळी’ असं दिसतं आणि ती कचऱ्यात जाते. या मात्रेत ती पोटाच्या नसा शांत करण्यासाठी असते. असर यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला झोप येते, तोंड कोरडं पडतं. झोप सुधारणं, नियमित चालणं आणि गरज वाटली तर समुपदेशन यांचा इथे गोळीइतकाच उपयोग होतो.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एका फायलीत वही, सगळे रिपोर्ट, दुर्बिणीचे रंगीत फोटो, तुकड्याचा रिपोर्ट आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घ्या. निघण्याआधी तीन प्रश्न विचारा: निदान काय, ही गोळी कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्या तारखेला बरं नसेल तर पुढे काय. तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या.